अर्ध्या दिवसाची सावड

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या घरात एक शब्द फिरू लागे आणि तो कानावर पडला की आम्ही भावंडं मागच्या दाराने पळायला बघू. तो शब्द म्हणजे 'सेवा'.

वडील जव्हारच्या शाळेत मास्तर होते. गाव लहान, संस्थान लहान, पण वडिलांचा उत्साह काही लहान नव्हता. त्यांनी तरुणपणी कुठेतरी एक व्याख्यान ऐकलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच पक्कं बसलं होतं, की सुट्टी ही सेवेसाठी असते आणि सेवा ही सहकुटुंब करायची असते. बाकीच्या मास्तरांची मुलं सुट्टीत मातीचे किल्ले करत, लवंगी फटाके मोजून मोजून उडवत. आम्ही मात्र हातात खराटे घेऊन वडिलांच्या मागे.

एका वर्षी आम्ही तळ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ घासलं. त्यात थोरल्या भावाचा पाय सटकला, तो कपड्यांसकट तळ्यात गेला आणि त्याला बाहेर काढायला धुणं धुणारी एक बाई कमरेइतक्या पाण्यात उतरली. सेवा कोणी कोणाची केली हे त्या दिवशी काही नीट ठरलं नाही. पुढच्या वर्षी वडिलांनी स्वच्छतेवर चार ओळींचं एक पद्य रचलं आणि आम्ही तिघं ते घरोघर म्हणत हिंडलो. लोकांना वाटलं, मास्तरांची पोरं फराळ मागायला आलीत. त्यांनी आमच्या हातावर चकल्या ठेवल्या आणि दार लावून घेतलं. धाकटा तर त्या वर्षावर फार खूश होता.

या सगळ्या सेवेत आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघराचा मागचा कूड एका श्रावणात पडला होता, तो पडलेलाच होता. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या विणून त्यावर माती-शेण थापलेली भिंत. आमच्याकडे घरं तशीच असत. आईने त्या भगदाडाला तरटाचा पडदा लावला होता आणि शेजाऱ्यांची शेळी तो पडदा डोक्याने बाजूला सारून दिवसातून दोनदा आत येत असे. "सुट्टी लागू दे, सुट्टीत करतो," असं वडील म्हणत. सुट्टी लागली की त्यांना जग दिसे, कूड दिसत नसे. आईने त्याबाबतीत हात टेकले होते.

मी दहा वर्षांची झाले त्या वर्षीची ही गोष्ट.

आमच्याकडे दर बाजाराच्या दिवशी एक बाई पत्रावळींची पानं घेऊन येई. दाभोशाच्या धबधब्याच्या अलीकडे, नदीच्या वरच्या अंगाला एक पाडा होता, तिथली. नवरा वारलेला, घरात म्हातारी सासू आणि माझ्याच वयाची एक मुलगी. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं तोडून. ती वडिलांनासुद्धा "अरे मास्तर" म्हणे. त्यांच्या बोलीत थोरामोठ्यांना 'अहो' म्हणायची रीतच नव्हती. खुद्द राजेसाहेब समोर आले असते तरी तिनं त्यांना 'तू'च म्हटलं असतं आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नसतं. मला ती त्यासाठीच आवडे.

त्या वर्षी धनत्रयोदशीच्या आधी ती आली ती अर्धी झालेली. गाल बसलेले, डोळे खोल.

"काय गं, बरी नव्हतीस का?" आईने विचारलं.

"माझी लावनी उरकली नि ताप भरला, बाय. तीन महिने उठले नाय. आता उठले तं नागली पिकून उभी हाय. कापाया कोन नाय. पाखरां खातात."

"का गं, नाचणी कापायला पाड्यावरची माणसं नाहीत?"

"त्यांची त्यांची कापनी. आन मी यंदा सावडीत नाय."

सावडीत नाही म्हणजे काय, हे आईने विचारायच्या आत वडील ओटीवरून उठून आत आले. त्यांच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा उजेड होता. मी मागच्या दाराकडे सरकू लागले.

"आम्ही येतो," वडील म्हणाले. "पाच माणसं. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी."

बाईने वडिलांकडे पाहिलं, मग आईकडे, मग आम्हा तिघांकडे एकेक करून, बाजारात बैल बघतात तसं. धाकट्यावर तिची नजर जरा जास्त वेळ थांबली. तो तेव्हा सहा वर्षांचा होता आणि नाक वर ओढत उभा होता.

"येशील?" तिनं वडिलांना विचारलं.

"येणार म्हणजे येणार."

"बरं. ये मंग." एवढं बोलून तिनं टोपली उचलली. तिनं आभार मानले नाहीत, याचं मला नवल वाटलं. इतकी मोठी सेवा करायला माणसं निघालीत आणि हिला त्याचं काहीच नाही!

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बैलगाडीत बसलो. बरोबर लाडवांचा डबा, दशम्या, चटणी, अंथरुणं. वडिलांनी आम्हाला गाडीतच ताकीद दिली, "त्यांच्या घरचा एक कणसुद्धा खायचा नाही. गरिबावर भार टाकायचा नाही. आपलं आपण खायचं, काम करायचं आणि निघायचं." आईने मान हलवली. थोरल्याने हलवली. धाकट्याने लाडवांच्या डब्याकडे बघत हलवली.

पाड्यावर पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. तिचं झोपडं लहान, पण अंगण असं सारवलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. उतारावर नागली उभी होती. कणसं मुठीसारखी आत वळलेली, तांबूस. खाली नदी दिसत होती आणि नदीकाठच्या भातात दुसऱ्यांची माणसं ओळीनं कापणी करत होती. त्यांचं हसणं-बोलणं वर ऐकू येत होतं. तिच्या शेतात मात्र पाखरांशिवाय कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आमच्या हातात विळे दिले. वडिलांना विळा धरता येत नव्हता. त्यांनी तो खडूसारखा धरला. बाईची मुलगी फिसकन हसली आणि आमच्या आईने डोळे वटारायच्या ऐवजी स्वतःच हसून घेतलं. थोरला पटकन शिकला. आईचा हात तर पहिल्याच तासात बसला. ती खानदेशातल्या शेतकऱ्याची मुलगी होती, हे आम्ही जवळजवळ विसरूनच गेलो होतो. धाकट्याला बाईने एक काठी आणि एक फुटका पत्रा दिला आणि बांधावर उभं केलं. पाखरं आली की पत्रा बडवायचा आणि ओरडायचं. घरी ज्या गोष्टीसाठी मार मिळे ती गोष्ट इथे काम म्हणून करायची, हे कळल्यावर तो जो पेटला तो तीन दिवस थांबला नाही.

दुपारी बाईच्या म्हातारीने चुलीवर नागलीच्या भाकऱ्या थापल्या. बरोबर उडदाची घट्ट आमटी आणि वाटलेली मिरची. वास असा सुटला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बाईने पानं मांडली, आमची पाच.

"नको नको," वडील म्हणाले. "आमचं आम्ही आणलंय." आणि त्यांनी दशम्यांचं गाठोडं सोडलं.

 बाईने पानं उचलली नाहीत, तशीच ठेवली. आम्ही कोरड्या दशम्या चावत बसलो आणि ती पाच पानं आमच्याकडे बघत बसली. मला त्या वेळी नीट कळलं नाही, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. धाकट्याला तेवढंही कळलं नाही. तो उठला, एका पानावर जाऊन बसला आणि भाकरी मोडून आमटीत बुडवून खाऊ लागला. वडिलांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि आईने त्यांच्या दंडावर हात ठेवला. मग आईसुद्धा उठून पानावर बसली. तिच्या मागोमाग आम्ही. शेवटी वडील एकटे दशमी धरून राहिले आणि दोन घास तसेच खाऊन तेही आले. बाईच्या कपाळावरची आठी गेली. तिनं वडिलांना तीन भाकऱ्या वाढल्या, पुरे पुरे म्हणत असतानाही.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड त्यातून झाली.

कापणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी कापत होते. माझी ओळ बाईच्या मुलीच्या शेजारी होती. ती विळा चालवी तो दिसतच नसे, नुसती कणसं तिच्या मुठीत गोळा होत. मी तिच्याइतकं कापायचं ठरवलं आणि व्हायचं तेच झालं. विळा माझ्या डाव्या करंगळीवर चालला. कापलं थोडंच, पण रक्त पाहून मी भोकाड पसरलं. बाईने झटक्यात कसलासा पाला चावून जखमेवर बांधला आणि म्हणाली, "जा, बस जरा." मुलगी मला बघून पुन्हा फिसकन हसली. बस्स. माझं डोकंच फिरलं. मी विळा टाकला, खाली नदीवर गेले आणि पाण्यात पाय सोडून बसले. करंगळीचं रक्त तासाभरात थांबलं, पण राग थांबला नाही. जव्हारात आत्ता मुली भोंडल्याचं उरलंसुरलं गाऊन खिरापत खात असतील आणि मी इथे बोट कापून बसलेय, असं मी स्वतःला सांगत राहिले. भोंडला दसऱ्यालाच संपतो हे रागाच्या भरात माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी सगळे परतले तेव्हाच मी परतले. 

तिसऱ्या दिवशी मी मुकाट्याने कापलं. संध्याकाळी शेत मोकळं झालं, कणसं खळ्यावर रचली गेली आणि चौथ्या दिवशी आम्ही गाडीत बसलो. बाईने निरोप देताना एवढंच म्हटलं, "येतूं मंग."

"येतो हं," वडील म्हणाले. त्यांना वाटलं, ती आम्हाला निरोपाचं 'या' म्हणतेय.

घरी आल्यावर वडील आठवडाभर जमिनीपासून वीतभर वर चालत होते. शेजारीपाजारी, पोस्टातले कारकून, सगळ्यांना त्यांनी कापणीची हकिकत सांगितली. "कसलीही अपेक्षा न ठेवता केलेलं काम," असं त्यात तीनदा तरी येई. शेळी दरम्यान तरटातून आत येऊन आईचे वाळत घातलेले पोहे खाऊन गेली.

तुळशीचं लग्न झालं. सुट्टी संपायला पाचसहा दिवस उरले होते. एके सकाळी मी अंगणात रांगोळी काढत होते, तेव्हा दारात सावल्या पडल्या. वर पाहिलं तर ती बाई. तिच्या मागे मुलगी, म्हातारी सासू, एक पुरुष आणि एक तरुण बाई. त्या पुरुषाच्या खांद्यावर कुऱ्हाड.

"मास्तर हाय का?" बाईने विचारलं. "म्हनाव, दिस फेडाया आलों. पाच मानसं."

वडील बाहेर आले. बाईने एकेकाची ओळख करून दिली. हा माझा भाऊ, दूरच्या पाड्यावरचा, आता आपली कापणी उरकून आलेला; ही भावजय. भाऊ वडिलांच्या बदली, भावजय थोरल्याच्या बदली, ती स्वतः आईच्या बदली. मुलगी माझ्या बदली. आणि म्हातारी धाकट्याच्या बदली. "तीन दिस," ती म्हणाली. "काय काम हाय, दाखव."

वडिलांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते मनापासून हसले आणि हात जोडून म्हणाले, "अगं बाई, आम्ही काही परत मिळावं म्हणून आलो नव्हतो. ती सेवा होती. तुला काही फेडायचं नाही. बसा, चहा घ्या, गूळ-शेंगदाणे खा आणि खुशाल जा."

बाईच्या कपाळावर पुन्हा आठी चढली. तिनं अंगणातच बैठक मारली. तिच्या मागे चौघंही बसली. म्हातारीने तंबाखूची डबी काढली. एकंदरीत रंग असा, की ही मंडळी उठणार नाहीत.

"यांना काहीतरी काम द्या आणि वाटेला लावा," वडील आत येऊन आईच्या कानात पुटपुटले. "मन राखायला." आईने घाईघाईने सुपात तांदूळ घातले आणि बाहेर नेऊन ठेवले. बाईने मूठभर तांदूळ उचलले, तळहातावर पसरले, बोटाने इकडेतिकडे केले.

"बाय, हे निवडलेलं हायेत," ती म्हणाली.

आईच्या चेहऱ्यावरून रंग उतरला. खोटं बोलताना पकडल्यावर मी जशी दिसत असे तशी आई त्या क्षणी दिसली आणि मला तिची दया आली, थोडी गंमतही वाटली.

मग बाई बोलली. एरवी दोन शब्दांवर तिसरा न बोलणारी बाई, पण त्या दिवशी सगळं बोलली.

"मास्तर, आयक. आमच्याकडं सावड असते. मी तुझ्या शेतात दिस भरला, तू माझ्या शेतात भरायचा. यंदा मी तापात पडले, कोनाचा दिस भरला नाय, तं माझ्याकडं कोन येल? त्यांचा दोस नाय. मंग तू आलास. पाड्याने पायलं. आता मला सगळीं इचारतात, मास्तराचं दिस फेडलंस का? मी फेडलं, तं मी सावडीतली. नाय फेडलं, तं ही फुकट घेती, हिला कशाला हाक मारायची? मला मंग पुढल्या सालीं कोन बोलवील? मी नि म्हातारी नि ही पोर. तीन मानसांत शेत व्हतंय का?" ती थांबली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेलाच होता. "तू मला सावडीत घेतलंस. आता तूच बाहेर काढतूस?"

 वडील ओटीच्या खांबाला धरून उभे होते.  आठवडाभर गावाला सांगितलेली ती हकिकत त्यांच्या तोंडावर परत येऊन आदळली होती. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बाईबद्दल त्याहून जास्त.

"पण बाई," ते शेवटी म्हणाले, आणि आवाज अगदी बारीक झाला होता, "माझ्याकडे शेत नाही गं. काम तरी काय देऊ?"

बाई उठली. विचारलं-सवरलं नाही, सरळ घराला वळसा घालून मागे गेली. आम्ही सगळे मागोमाग. तिथे शेळी नेहमीप्रमाणे तरटातून निम्मी आत गेलेली होती. बाईने शेळी शेपटीला धरून बाहेर ओढली, तरट वर केलं, भगदाडातून स्वयंपाकघरात डोकावली आणि मग वडिलांकडे वळली.

"हे काय रे मास्तर?"

आई हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग उघडउघड, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कित्येक महिने साठवलेलं हसणं होतं ते. "बघा," ती वडिलांना म्हणाली, "तुमच्या सेवेला कोणीतरी भेटलं!"

ते तीन दिवस मी कधी विसरले नाही. पहिल्या दिवशी बाईचा भाऊ, वडील आणि थोरला रानात जाऊन कारवी तोडून आले. वडिलांना वाटलं होतं, आपण मालक, आपण देखरेख करायची. बाईने त्यांच्या हातात कोयती दिली. सावडीत ज्याचं काम, तो सर्वांत पुढे, असं तिनं सांगितलं. मग काठ्या विणणं, माती कालवणं, शेण, भाताचा भुसा. वडील गुडघ्यापर्यंत चिखलात नाचत होते आणि रस्त्याने जाणारे शाळेतले विद्यार्थी थांबून थांबून बघत होते. म्हातारी धाकट्याची बदली म्हणून काठी घेऊन ओल्या कुडापाशी बसली आणि तिनं तीन दिवस कोंबड्यांना आणि त्या शेळीला जवळ फिरकू दिलं नाही. धाकटा तिच्या शेजारी बसून तिला ओरडायचं कसं ते शिकवत होता. आईने दोन्ही वेळा पाचही जणांना पोटभर वाढलं. बाईने पहिल्याच दिवशी तिसऱ्यांदा भात मागून घेतला आणि पुरणपोळी आहे का विचारलं. आई दुसऱ्या दिवशी पुरण शिजवायला बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. सगळे पुन्हा मातीला लागले. बाईची मुलगी हात मातीत घालणार एवढ्यात बाई म्हणाली, "तू नको. बस."

"का?"

"तुझा आजचा अर्धाच दिस." आणि तिनं हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "ही नदीवर गेलती."

सगळ्यांसमोर. माझे कान तापले. मी करंगळी पुढे केली, जिच्यावर आता खूणसुद्धा नीट दिसत नव्हती. "माझं बोट कापलं होतं!"

"तासभर कापलं व्हतं," बाई शांतपणे म्हणाली. "मंग रुसलं व्हतं."

थोरला भिंतीला तोंड करून खदाखदा हसला. आणि धाकटा, ज्याचे तीनही दिवस पुरेपूर धरले गेले होते, तो म्हातारीच्या शेजारून म्हणाला, "मी नाही गेलो नदीवर." त्याला मी संध्याकाळी चांगला चिमटा काढला, हे इथे कबूल करते.

पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं. घरातलं कोणी तोवर माझं काम मोजत नसे. मी केलं तरी "बाळ, शाबास" आणि नाही केलं तरी "राहू दे, लहान आहे". या बाईने मात्र माझा अर्धा दिवस लक्षात ठेवला होता, म्हणजे उरलेले अडीच दिवस तिनं खरे धरले होते. हे मला तिथेच, कान लाल असतानाच, कळलं.

मुलगी ओटीवर माझ्या शेजारी येऊन बसली. पाच मिनिटं पाय हलवत राहिली. मग आपल्या आईला म्हणाली, "बसून काय करूं? मी लिंपते."

"लिंप," बाई म्हणाली. "पन मंग हा अर्धा दिस हिच्यावर चढंल." पुन्हा हनुवटी माझ्याकडे.

"चढू दे," मी म्हणाले. आणि मीही उठून मातीला लागले. ती मुलगी मला थापायचं कसं ते दाखवत होती आणि फिसकन हसत होती. या वेळी मीही हसले. आमच्या दोघींच्या हातांचे पंजे त्या कुडावर खालच्या बाजूला उमटले होते. आईने वरून पोतेरं फिरवताना ते तसेच राहू दिले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कूड उभा राहिला. सरळ, घट्ट. निघताना बाईने हात धुतले, वडिलांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "झालं, मास्तर. फिटलं." वडिलांनी तिला हात जोडले. या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पाड्यावर सांगशील ना?"

"सांगन तं. तेवढ्यासाठीच आले." ती पहिल्यांदाच मोकळं हसली.

शाळा उघडल्यावर वडिलांनी कापणीची हकिकत सांगणं बंद केलं. कुडाची सांगू लागले. ती जास्त रंगे.

पुढच्या दिवाळीला आमच्या घरात 'सेवा' हा शब्द कोणी काढला नाही. बाजारच्या दिवशी बाई आली, पानं टोपलीतून काढली आणि आईला म्हणाली, "नागली पिकली. परवा कापनी. ये." झालं. तेवढंच आमंत्रण. आणि गंमत म्हणजे मी पहिल्यांदाच करायला घेतलेला किल्ला स्वतःहून अर्धा टाकला आणि गाडीत सगळ्यांत आधी जाऊन बसले.

रात्रभर गाडीत बसून सकाळीच पाड्यावर पोचलो आणि उताराच्या माथ्यावर वडील थांबले. मीही थांबले. तिच्या शेतात माणसं होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळ लागली होती, विळे चालत होते, बायका मोठ्याने बोलत होत्या आणि बांधावर कोणाचीतरी दोन पोरं पत्रा बडवत होती. गेल्या वर्षी त्या शेतात फक्त पाखरं होती, हे मला आठवलं. बाई ओळीच्या मधोमध होती. तिनं आम्हाला पाहिलं, कंबर सरळ केली आणि ओळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून म्हणाली, "सरका रे! माझ्या सावडीतलीं आली."

ओळ सरकली. आमच्यासाठी पाच जागा झाल्या.

मी माझ्या जागेवर, तिच्या मुलीच्या शेजारी, जाऊन उभी राहिले. बाईने माझ्या हातात विळा दिला. "आधी तुझा मागला अर्धा दिस," ती म्हणाली. मी कापू लागले. ऊन चढलं, हाताला फोड आला, त्याला चिंधी गुंडाळून मी कापत राहिले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बाई माझ्यापाशी आली आणि तिनं माझ्या हातून विळा काढून घेतला.

"झाला. फिटला," ती म्हणाली. "जा, नदीवर बस."

मी विळा परत मागून घेतला.